माणसाच्या वजनाइतका गूळ

“मूत! माजं मूत! बाटलीत भरायचं, बूच लावायचं, यष्टीत मांडीवर घेऊन बारामतीला न्यायचं, आन् त्या डॉक्टरनं ते दिव्यावर ठिवून शिजवायचं! अगं, हाय कोण त्यो? डॉक्टर हाय का आचारी?”

आमचे हे अंगणात उभे राहून ओरडत होते. आमच्या गावात, वरकुट्यात, ते ओरडले की इंदापूरच्या बाजारात दुकानदाराचा हात तराजूवर थांबायचा, अशी त्यांच्या आवाजाची ख्याती. मी स्वतः इंदापूरची. लग्नाआधी आमच्या अंगणात तांब्या थरथरायचा तो कशानं, ते मला सासरी आल्यावर कळलं.

“हळू बोला, अवं,” मी म्हटलं. “गाव गोळा व्हतंय.”

“हूं दे! गावालाबी कळू दे काय मागणी आलीया ती!”

गाव गोळा झालंच. गाव त्यांना तात्या म्हणायचं. मी नवऱ्याचं नाव घेणारी नव्हते, म्हणून ते गेल्यावरही अजून नुसतं ‘हे’च म्हणते.

ह्यांचं शरीर कसं होतं, हे आजच्या माणसांना सांगून पटायचं नाही. ते अंगणात उभे राहिले की तुळशीला ऊन मिळायचं नाही. बैलगाडीत ते एका बाजूला बसायचे, तेव्हा दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेला हंडा, दोन शेरडं आणि मी, एवढं चढवल्यावर कुठं जू सरळ व्हायचं. बाजेवर ते टेकले की मी माझ्या कडेवरून घरंगळत थेट त्यांच्यापाशी. नव्या नवरीनं लाजायचं असतं म्हणतात. मला लाजायला सवडच मिळाली नाही, बाजेचा उतारच तिकडं होता. आता बाज सपाट असते. तिच्यावर जे जिथं ठेवावं ते तिथंच राहतं. मीसुद्धा.

हे लठ्ठपण नुसतं ह्यांचं नव्हतं, अख्ख्या गावाचं होतं. कसं ते सांगते. ह्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. हे जन्मले ते उंदराएवढे. तेव्हा आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गावच्या देवीला नवस बोलला की हा जगला तर दर साली माघी पुनवेला ह्याच्या वजनाइतका गूळ वाटीन. पोर जगलं. नवस एकदाच फेडून मोकळं व्हायची अक्कल आत्याबाईंना होती, पण ‘दर साली’ असं तोंडातून निघून गेलं होतं, आणि देवीचे कान तिखट. मग दर माघात देवळापुढं तीन वाशांच्या तिकटीला गुऱ्हाळाचा मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात हे मांडी घालून बसायचे, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढायच्या, आणि पारडी बरोबर झाली की तो गूळ घरटी वाटायचा.

आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाला कोण उपाशी राहू देईल? हे रस्त्यानं निघाले की दारोदारी बायका उभ्या. “तात्या, एवढी पोळी खाऊन जावा. कुटं जातीया, पुनवेला आमच्याच घरात यायचीया.” हे खायचे. गाव मोठ्या आशेनं बघायचं. आत्याबाई तर त्यांच्या भाकरीवर गूळ ठेवायच्या तो मुठीनं, वर तूप, आणि म्हणायच्या, “खा लेकरा, देवीचं हाय.” नवी सून म्हणून पहिल्या माघात मी तो सोहळा पाहिला. आमच्या घरचा माणूस पारड्यात बसतो आणि गाव हात जोडून ढेपा मोजतं! माझी मान अशी ताठ झाली की डोईवरचा पदर चार दिवस जागचा हलला नाही.

आणि मग त्या कार्तिकात ह्यांची थुंकी आटली.

हसू नका. ह्यांच्या थुंकीला मान होता. पान खाऊन शेताला पाणी नेणाऱ्या चारीच्या अलीकडून ह्यांनी पिचकारी मारली की चारीच्या पलीकडच्या बांधावर सरडा भिजायचा. पैजा लागायच्या त्यावर. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती, गावात करमणूक दुसरी नव्हती. तर पाठीवर एक गळू झालं होतं ते काही केल्या भरेना. शिवाय पाणी असं प्यायचे की हंडा त्यांना बघून दचकायचा. आणि जेवढं पाणी आत, तेवढ्या वेळा परसाकडं फेऱ्या. मी महिनाभर मागं लागले, तेव्हा कुठं आम्ही बारामतीला डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टर पुण्याला शिकून आलेला, तरणा, चष्म्याचा. त्यानं गळू बघितलं. मग जीभ बघितली. मग ओठाखाली बोट घालून बघितलं आणि तामचिनीचं भांडं पुढं केलं. “थुंका.”

ह्यांनी छाती फुगवली. मी हळूच भिंतीकडं सरकले, कारण मला त्यांचा नेम माहीत होता. ह्यांनी गाल आत ओढले, घसा खाकरला, पुन्हा गाल ओढले. काही नाही. भांड्यात एक थेंब पडेना. जीभ टाळूला चिकटून सुटली त्याचा ‘टक्’ असा आवाज तेवढा आला.

चारी ओलांडणारा माणूस, आणि त्याच्या तोंडात थेंब नाही.

डॉक्टर म्हणाला, “तात्या, अंगावरची चरबी सगळ्यांना दिसते. ती आत बसून काय उद्योग करते आहे, ते बाहेरून दिसत नाही. ते थुंकी सांगते, लघवी सांगते. तोंड कोरडं आहे, तहान आहे, गळू भरत नाही. मला लघवीत साखरेचा संशय येतो. त्या खोलीत जाऊन थोडी देऊन या.”

“हितं?” हे म्हणाले. “लोकाच्या घरात?”

“मग घरून बाटलीत आणा. पण आणाच. हे असंच चाललं तर गळू चिघळेल, नजर जाईल, पाय कापावा लागेल. आणि एवढ्या सगळ्यानंतर माणूस राहत नाही.”

हे शेवटचं वाक्य तो माझ्याकडं बघून बोलला. ह्यांनी ते ऐकलंच नाही. परतीच्या यष्टीतून उतरून अंगणात पाय ठेवला आणि तो आरडाओरडा सुरू केला, जो तुम्ही वर वाचलात.

ओरडून झाल्यावर ते तयार झाले, ते माझ्या शब्दाखातर नव्हे. आत्याबाई म्हणाल्या, “दे की. देवानं फुकाट दिलंय, तुझं काय जातंय?” आणि बाटली काढायला त्या स्वतः आत गेल्या.

इथं घोटाळा झाला. बारामतीच्या शिकलेल्या माणसाकडं जायची चीज, ती मेल्या मळक्या बाटलीत कशी पाठवायची? आत्याबाईंनी घरातली सगळ्यात देखणी बाटली काढली. जाड काचेची, उंच मानेची. राख लावून बाहेरून अशी घासली की तिच्यात तोंड बघून कुंकू लावावं. फक्त बाहेरून. आत काय होतं ते बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण आमच्याकडं बाटली म्हणजे तिच्यात काकवीच असायची. उसाच्या मुलखात घर कोरडं असेल, बाटली कोरडी नसते.

पुढच्या बाजारदिवशी ती बाटली पदराखाली धरून मी यष्टीत बसले, हे मागच्या अख्ख्या बाकावर. शेजारच्या बाईनं विचारलं, “काकवी का?” मी म्हटलं, “व्हय.” मला वाटलं मी थाप मारतेय.

डॉक्टरनं काचेच्या नळीत निळंशार औषध घेतलं, त्यात बाटलीतले थोडे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आम्हाला समजावत होता, “निळं राहिलं तर काही नाही. हिरवं झालं तर थोडी साखर. पिवळं झालं तर बरीच. आणि विटेसारखं लाल—” एवढ्यात नळी लाल झाली. लाल कसली, माझ्या लग्नातला शालू तिच्यापुढं फिका. डॉक्टरचा चष्मा नाकावरून घसरला. त्यानं बाटली उचलली, उजेडाकडं धरली, वास घेतला, तळाशी काडी फिरवली. काडीला तार आली.

“अहो बाई,” तो हताश होऊन म्हणाला, “यात माणूस किती आणि ऊस किती, हे मी कसं ओळखू? बाटली उकळून, धुऊन, वाळवून पुन्हा आणा.”

झालं! ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. गावात शिरता शिरता त्यांनी पारावर जाहीर केलं, “रोग बाटलीला हाय! मला काय बी न्हाय!” गावाचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी ह्यांना जेवायला बोलावणी आली ती कुठून कुठून. पुनव दोन महिन्यांवर आली होती. एक म्हातारे आबा होते, त्यांना दात नव्हते पण गुळाचा हिशेब पक्का, ते म्हणाले, “तात्या, औंदा मागल्या सालापरीस एक ढेप जास्ती बसली पायजे. आमच्या नातीचं बारसं हाय.”

“बसंल की, आबा!” हे म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. अशी थाप की झाडावरचे पोपट डाळजपर्यंत उडाले.

मी मात्र रडकुंडीला आले. “दुसरी बाटली द्या,” मी रोज म्हणायची. “पुनव हूं दे,” ते रोज म्हणायचे. आणि पुनवेपर्यंत खाणं वाढत जाणार, हे मला दिसत होतं. पाठीवरचं गळू मी रोज धूत होते. ते मला बघून हसायचं, भरायचं नाही. माझं वय ते काय. आणि हा एवढा मोठा, उबदार, बोलका डोंगर माझ्या हातातून जाणार, आणि जाताना गाव त्याला पोळ्या भरवणार.

मग मी एक दिवस दुपारी ह्यांना गोठ्यामागं नेलं. दोन खापऱ्या मांडल्या. म्हटलं, “ह्या खापरीत तुमी, ह्या खापरीत मी. मुंग्या ठरवतील.”

ह्यांना पैज म्हटली की दम निघायचा नाही. “आन् थुंकीचंबी बघायचं,” ते म्हणाले, आणि तिसरी खापरी स्वतः आणून तिच्यात मोठ्या कष्टानं एक थेंब टाकला. मग आम्ही दोघं, चांगली शेतीवाडी असलेल्या घरातले नवराबायको, गव्हाणीच्या कडेला बसून मुंग्यांची वाट बघत राहिलो. 

“गुराळाचं दिस हायती,” हे म्हणाले. “मुंग्या काय, समद्यावरच येत्यात.”

“मग माज्यावरबी येतील.”

आल्या. आधी एक आली. ती माझ्या खापरीवर चढली, काठानं फिरली, नको त्या घरी पाहुणी आल्यासारखी घटकाभर थांबली आणि निघून गेली. थुंकीच्या खापरीकडं कुणी फिरकलंच नाही. ती निर्दोष सुटली. आणि ह्यांच्या खापरीकडं जी रांग लागली! काळ्या आल्या, लाल आल्या, मुंगळे आले. निमगावकडच्या मुंग्या वाट विचारत आल्या असतील. खापरीचा रंग दिसेना. 

“तुजं मूत मुंग्यांनीबी नाकारलं,” हे म्हणाले आणि खदखदा हसले. पोट हललं, गव्हाण हलली, बैल उठून उभा राहिला.

मी हसले नाही. मी त्यांच्याकडं बघत बसले. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी माझ्या खापरीकडं बघितलं, पुन्हा स्वतःच्या खापरीकडं बघितलं. एक मुंगळा तिथून निघून त्यांच्या पायाच्या बोटावर चढला. तो त्यांनी झटकला नाही.

“बाटली उकळून घे,” ते म्हणाले.

ह्या वेळी मी बाटली चुलीवरच्या आधणात अशी उकळली की तिची पुढच्या सात जन्मांची काकवी निघाली. बारामतीत डॉक्टरनं नळी दिव्यावर धरली. निळी होती ती हिरवी झाली. मी मनात म्हटलं, थांब बाई, इथंच थांब. ती पिवळी झाली. मग नारिंगी. मग, अगदी सावकाश, कुणाला दुखवायचं नाही अशी, वीट झाली.

डॉक्टरनं दिवा विझवला. “सुई ही पुढची गोष्ट,” तो म्हणाला. “आधी ताट. गूळ, साखर, रस बंद. भात बंद. भाकरी मोजकी, भाजी पोटभर. आणि रोज चालायचं, घाम येईपर्यंत.”

“पुनवंपत्तूर तरी—” हे म्हणाले.

“पुनव दर महिन्याला येते, तात्या.”

हे चालायला लागले. पहाटे कालव्याच्या कडेनं निघायचे ते उन्हं वर आल्यावर परत यायचे. पहिले काही दिवस कालव्याचा भराव खचेल म्हणून पाटकरी मागून चालायचा, असं लोक सांगतात. मी म्हणेन, लोकांनी जरा कमीच सांगितलं. बायका दारात पोळ्या घेऊन उभ्या राहायच्या, हे हात जोडून पुढं जायचे. आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. मुठीनं गूळ ठेवणारा त्यांचा हात ताटावर यायचा आणि तसाच मागं जायचा. ते बघवायचं नाही. 

गळू भरलं. तोंडाला पाणी सुटायला लागलं. एक दिवस चारीच्या अलीकडून ह्यांनी नेम धरला आणि पलीकडचा सरडा पळाला. मी बांधावर बसून रडले. 

आणि माणूस उतरू लागला. आधी गाल गेले. मग मान दिसली. ह्यांना मान आहे हे मला लग्नानंतर तेव्हा प्रथम समजलं. गाडीत माझ्या बाजूचा हंडा काढला, मग एक शेरडू काढलं, मग दुसरं. बाजेचा उतार दिवसेंदिवस कमी होत गेला. मीच मागून घेतलं होतं हे. तरी एका दुपारी मी बाजेच्या माझ्या कडेवर आडवी झाले आणि घरंगळले नाही. तिथंच राहिले. हात लांब करावा लागला. 

पुढं बारीक अंगाचा नवरा मला पुष्कळ वर्षं मिळाला. त्याच्याबरोबर संसार केला, भांडले, लेकरं वाढवली. चांगला होता बिचारा. पण खरं सांगू? आज डोळे मिटले की तो दिसत नाही. दिसतो तो आधीचा, तुळशीचं ऊन अडवणारा. उन्हाळ्यात त्यांच्या सावलीत मी, कुत्रं आणि कोंबड्या, सगळे मावायचो. आता ह्या वयात मी उन्हात बसते तेव्हा वाटतं, कुणीतरी मधे येऊन उभं राहावं. नुसतं उभं राहावं. मी काही म्हणणार नाही, बाटली मागणार नाही. गुऱ्हाळाचा वास सुटला की सगळ्या मुलखाच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या डोळ्यांना. 

त्या माघातल्या पुनवेचा दिवस आला. आत्याबाईंनी सकाळीच ह्यांना ओसरीवर उभं केलं आणि मामंजींचा जुना लोकरीचा कोट अंगात घातला. त्यावर घोंगडी. कमरेला दोन धोतरं गुंडाळली. “थंडी हाय,” त्या म्हणाल्या. ऊन मरणाचं होतं. हे आईनं नटवलं तसे नटून देवळापुढं गेले. 

तराजू टांगलेला. गाव जमलेलं. हे पारड्यात बसले, समोर ढेपा चढायला लागल्या. मागच्या साली जिथं सगळे ‘अजून, अजून’ म्हणत होते, तिथं येईपर्यंतच काटा डळमळला. आणि मग ह्यांनी बसल्या बसल्या घोंगडी काढली. मग कमरेची जास्तीची धोतरं सोडली. मग कोट काढला. घडी घातली आणि खाली उभ्या असलेल्या आईच्या हातात दिला.

“आये,” ते म्हणाले, “देवीला माजं वजन द्यायचंय. कोटाचं न्हाय.”

काटा उडाला. ह्यांचं पारडं वर गेलं, पार वर, देवीच्या कळसाला लागेल असं वाटलं. समोरच्या दोन ढेपा खाली उतरवाव्या लागल्या. दर माघात नुसत्या चढणाऱ्या ढेपा त्या दिवशी गावानं प्रथम उतरताना बघितल्या.

“ह्यो काय माघ हाय!” बिनदाताचे आबा ओरडले. “तात्या, आरं नातीचं बारसं हाय माज्या! खिशात दोन धोंडं तरी घालून यायचं हुतंस!”

“बायकूनं खाल्लं त्याला!” कुणीतरी मागून म्हणालं.

“मुंग्यांनी खाल्लं!” दुसरं म्हणालं. म्हणजे गोठ्यामागची गोष्टही गावभर झाली होती तर. सगळे हसले. हसण्यात गोडी नव्हती. आत्याबाई कोट छातीशी धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांना तो उंदराएवढा जीव पुन्हा दिसत असावा. 

गूळ वाटला. प्रत्येकाला खडा आला तो सुपारीएवढा. एकेकानं तळहातावर घेऊन माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून ह्यांच्या मागून घरी आले. मला वाटत होतं, आज हे ओरडतील. इंदापूरचा तराजू थांबेल असे ओरडतील. ओरडावेत असं वाटत होतं.

हे ओसरीवर बसले. पाणी दिलं, अर्धा तांब्या प्यायले, अर्धा खाली ठेवला. आत्याबाई आत जाऊन पडल्या होत्या. मी खांबाला धरून उभी राहिले.

“अवं,” मी म्हटलं, “समदं गाव तुमाला बोललं. आत्याबाई रडल्या. माज्यामुळं. तुमाला लई वाईट वाटलं का?”

त्यांनी पाय पुढं करून बघितले.

“वहाणा सैल झाल्यात,” ते म्हणाले. “चालताना निसटत्यात. पट्टं आवळून आणाय पायजेत.”